आजारपणातले फोटो उडवले, मग परत आणले

आधी शेवटच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. मी बरी झाले. चालते, जेवते, भांडते आणि दोन्ही डोळे मिटून झोपते. या शेवटच्या गोष्टीवर तुम्हाला हसू येईल, पण डोळे मिटता येणं काय चीज असते ते मला विचारा! तुमच्या घरात कुणी जी.बी.एस. नावाच्या दुखण्याने अंथरूण धरलं असेल तर हे खास त्यांच्यासाठी लिहितेय. औषधांचं डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते आमच्या घरात फोटोंवरून जे महाभारत झालं त्याबद्दल.

माझं माहेर रोह्याचं, सासर पेणचं. पेणची सून म्हटलं की गणपती आलेच. आमचा मूर्तींचा कारखाना सासऱ्यांचा, सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. आमचे हे डोलवीच्या बाजूला कंपनीत कंत्राटावर आहेत, शिफ्ट सुटली की कारखान्यात हातभार लावतात. आणि माझं काम डोळ्यांचं. रंग दुसरे देतात, सोनेरी दुसरे लावतात, पण डोळ्यांची आखणी माझी. लग्न झाल्यावर अण्णांनी समोर बसवून शिकवली आणि दोन सीझनमध्ये ब्रश माझ्या हातात देऊन ते स्वतः उठले ते उठलेच.

आमच्याकडे एक पद्धत आहे. आखणी झाली की मोबाइलवर मूर्तीचा फोटो काढून बघायचा. समोर बसून कितीही बघा, आपलेच डोळे आपल्याला फसवतात. फोटोत मात्र लगेच दिसतं, हा डोळा केसभर मोठा झालाय, हे बुबुळ खाली उतरलंय. मग ओला रंग आहे तोवर पुसायचं आणि परत. हे फोटो वर्षभर ठेवायचे, कारण गिऱ्हाइकाचा फोन येतो, "गेल्या वर्षीसारखीच करा हां." नवी मूर्ती घरी गेली की जुना फोटो उडवायचा. त्यात अण्णा फार कडक. "देव पाण्यात गेला," म्हणतात, "त्याला फोनमध्ये कोंडून ठेवायचा नाय."

गुडघा हललाच नाही

ऐन सीझनमध्ये, शाळा नुकत्या सुरू झाल्या होत्या तेव्हा, माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मांडी घालून तासन्‌तास बसणारी बाई मी, मला काय त्याचं नवल! दुसऱ्या दिवशी पाटावरून उठता येईना. कारखान्यातल्या बायका हसल्या, मीही हसले, दोघींनी धरून उभी केली. संध्याकाळी ब्रश बोटांतून गळून पडला. उचलला, परत पडला. तेव्हा मात्र हसू आलं नाही. पेणच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं, आणि सकाळी मला चमचासुद्धा धरता येईना तेव्हा त्यांनीच घाईघाईने पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथला डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने छोट्या हातोडीने गुडघ्यावर ठोकलं. पाय हलायला हवा होता म्हणे, हललाच नाही. दुसरा गुडघा, तोही तसाच. मग कोपर, मग परत गुडघा. पाठीतून पाणी काढून झालं, आणि तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. म्हणाला, "हा आजार बहुतेकांचा बरा होतो. पण बरा व्हायच्या आधी अजून वाढेल, तुम्ही घाबरू नका."

असं सांगून कोण घाबरत नाही? मी घाबरले. ह्यांनी दारामागे जाऊन तोंड धुतलं आणि लाल डोळ्यांनी परत आले. मला एकच सुचलं, कारखान्यात तीन फळ्या भरून गणपती बिनडोळ्यांचे उभे आहेत.

'बाप्पा' म्हणता येईना

वाढायचं म्हणजे किती, ते आयसीयूत कळलं. पाय गेले, हात गेले, मग चेहरा. एका सकाळी सिस्टरने नाव विचारलं आणि माझे ओठच मिटेनात. प, ब, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत, हे कधी लक्षात आलं होतं तुमच्या? मला बाप्पा म्हणता येईना. 'हाहा' असं काहीतरी यायचं. पेणच्या बाईवर ही काय वेळ!

आणि डोळे मिटेनात. पापणी नावाची वस्तू जागच्या जागी थिजली. झोपायच्या वेळी सिस्टर डोळ्यांत जेल घालायच्या आणि वर चिकटपट्टी लावायच्या. पट्टीखाली अंधार नसतो, पिवळट काहीतरी असतं, आणि त्या पिवळ्यात पडून मी मशीनचे आवाज ऐकायची. भीती कशाची, तर श्वासाची. शेजारच्या बेडवरच्या माणसाला श्वासाची नळी घातली होती, पुढची पाळी माझी असं धरूनच चालले होते. ती आली नाही. श्वास काठावर आला आणि तिथेच थांबला, देवाची कृपा म्हणा नाहीतर इंजेक्शनची.

छोटी सुखंही होती, ती सांगायला हवीत. एक मावशी होत्या, त्या रोज माझे केस विंचरून दोन वेण्या घालायच्या. म्हणायच्या, एक वेणी घातली तर पाठीला टोचंल गो. नाकातली अन्नाची नळी निघाल्यावर पहिल्यांदा पेज गिळली, ती अर्धी हनुवटीवरून सांडली, पण जी घशाखाली उतरली तिची चव अजून जिभेवर आहे. आणि पायाचा अंगठा हलला त्या दिवशी तर मी चादर काढून ठेवायला लावली, येईल त्याला दाखवत होते. डॉक्टर, सिस्टर, डबेवाला, कुणाला सोडलं नाही.

घरी मात्र ओढाताण चालली होती. अण्णांनी परत ब्रश धरला. निम्म्या मूर्ती त्यांनी केल्या, निम्म्या दुसऱ्या कारखान्यातल्या माणसाकडून करून घेतल्या. हे शिफ्ट, दवाखाना आणि कारखाना यांच्यात इतके वाळले की पँटला दोरी बांधायची वेळ आली. एकमेकांवर चिडायची सोय नव्हती, म्हणून दोघे बापलेक कुत्र्यावर ओरडायचे.

बिघडलेली मूर्ती

दवाखान्यातून सुटल्यावर मी रोह्याला आईकडे गेले. पेणच्या घराला जिना आहे, आणि रोह्यात आमच्या घरापासून चार पावलांवर व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टर आहेत, त्यांना सगळे मॅडम म्हणतात. हे रविवारी गाडीने यायचे. अशाच एका रविवारी मी त्यांचा फोन मागून घेतला, माझ्याविना झालेला सीझन बघायला. अण्णांनी आखलेले डोळे बघत होते, छान होते हो, म्हाताऱ्याचा हात अजून आहे. बघता बघता बोट पुढे सरकलं आणि समोर मी.

तोंड एका बाजूला ओघळलेलं. डोळ्यांवर पट्ट्या. नाकात नळी. मी पुढे सरकवलं, परत मी. परत मी. रोजचा एक, कधी दोन. पट्टी असलेले, पट्टी काढलेले, एक डोळा वर आणि एक खाली. आमच्याकडे अशी मूर्ती झाली तर ती फळीवर मागे सरकवून तोंड भिंतीकडे करतात, गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू देत नाहीत. आणि ह्यांनी माझे फोटो काढून ठेवले!

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. ओठ तेव्हा पुरते मिटत नव्हते, त्यामुळे अर्धं कळलंच नसेल, पण आवाज शेजारी गेला. मला न विचारता कसे काढले, कुणाकुणाला दाखवले, उडवा आत्ताच्या आत्ता. हे एवढंच म्हणाले की असू दे, नंतर बघू. आमचे हे असे आहेत, भिंतीशी भांडलं तर भिंत तरी आवाज परत देते.

अण्णा माझ्या बाजूने. दुखण्याचं चित्र घरात ठेवू नये, दुखणं वाट विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आईचंही तेच. सगळे एकीकडे आणि हे एकटे एकीकडे, तरी फोटो उडवले म्हणून नाहीत.

गणपतीला मी वॉकर धरून पेणला आले. गौरींबरोबर बाप्पा गेले, आणि संध्याकाळी दरवर्षीप्रमाणे अण्णांनी जुने फोटो उडवायला सांगितले. माझा फोन बिघडलेला, म्हणून या खेपेला जुने फोटोही ह्यांच्याच फोनमध्ये आणून ठेवले होते. मी हात पुढे केला. ह्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. "तूच उडव," म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

उडवले की! गेल्या वर्षीचे गणपती आणि मी, सगळे एकदम. मॅडमनी अंगठ्याचा व्यायाम दिलाच होता, तो त्या संध्याकाळी भरपूर झाला. इतकं हलकं वाटलं की मी वर दोन मोदक खाल्ले.

जनाकाकू

गणपतीनंतर मी परत रोह्याला. डोळे आता मिटत होते, काठी धरून अंगणभर चालत होते, आणि माझा तोरा काय विचारता! तेव्हा मॅडमनी मला जनाकाकूंबद्दल सांगितलं.

जनाकाकू रोह्याच्या पलीकडे खाडीकाठच्या गावातल्या. जन्मभर मिठागरात राबलेल्या. त्यांना तेच झालं होतं, माझंच दुखणं, आणि माझ्यासारखाच चेहरा गेला होता. दवाखान्यातून घरी आणलं, पण त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या त्या पडल्याच. व्यायाम करू देत नव्हत्या. आरसा काढून टाकायला लावला होता. मॅडम म्हणाल्या, बोटं आखडायला लागलीत, आता हलवली नाहीत तर तशीच राहतील. आणि बऱ्या व्हाल म्हटलं की काकू म्हणतात, तू पगारी हायस, तू तेच बोलणार.

मग मॅडम म्हणाल्या, "तुमचे तेव्हाचे फोटो असतील तर घेऊन चला. तोंडी सांगून पटत नाही त्यांना."

झालं! असतील तर. परवा-परवापर्यंत होते हो मॅडम, भरभरून होते.

आईच्या फोनवरून ह्यांना फोन लावला. कसं विचारायचं, चार वेळा जुळवलं आणि शेवटी धाडकन विचारलं, ते माझे फोटो कुठे अजून आहेत का. पलीकडे कंपनीचा घरघराट. मला वाटलं, आता ऐकवतील, आणि ऐकवायला हवंच होतं. पण हे म्हणाले, "तू कचरा रिकामा केलावस काय?"

मी म्हटलं, कसला कचरा? मला तर फोनमध्ये कचरा असतो हेच माहीत नव्हतं.

"मग रहा तशीच. काय दाबू नको," म्हणाले. अहो, फोन तुमच्याकडे, मी काय दाबणार! पण तेही गडबडले होते, मला आवाजावरून कळलं.

पहिली पाळी सुटल्यावर हे घरीसुद्धा न जाता थेट रोह्याची गाडी धरून आले. अंगणात खुर्चीवर बसले, चहा समोर तसाच. फोनचं असं असतं म्हणे, उडवलेलं लगेच जात नाही, महिनाभर एका कोपऱ्यात पडून राहतं आणि मग आपोआप जातं. महिना भरतच आला होता. ह्यांनी तो कोपरा उघडला आणि मी किंचाळायचीच बाकी होते. सगळे होते! एक गणपती, एक मी. दोन गणपती, परत मी. एका बाजूला डौलात बसलेले बाप्पा आणि शेजारी पट्टी लावलेलं माझं थोबाड, उडवताना जशी सरमिसळ झाली तशीच. आई मागून वाकून बघत होती, तिने सवयीने हात जोडले, मग कुणाला जोडतोय ते बघून माझ्या पाठीत धपाटा घातला.

हे एकेक फोटो परत आणत होते. मी विचारलं, आता तरी सांगा, काढले कशाला होते.

"समोर बसून मला काय कळत नव्हतं," ते म्हणाले. फोनवरची नजर काढली नाही. "डॉक्टर म्हणायचे फरक पडतोय. मला तर तू रोज तशीच दिसायचीस. मग म्हटलं, आपण मूर्तीचा काढून बघतो तसा काढूया. कालचा नि आजचा शेजारी ठेवायचो नि बघत बसायचो."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि माझा धंदा सुरू केला. कालचा, आजचा. परवाचा, कालचा. डोळ्यांचं काम आहे, त्यात मला कोण फसवणार? "हा बघा," मी म्हटलं, "डावी पापणी इथेच उतरलीय, सुतभर." ह्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. त्यांना तो फरक त्यानंतर किती दिवसांनी दिसला होता! त्या मधल्या दिवसांत आपण धड जेवलो नाही, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. म्हणजे मी बरी होऊ लागले होते, आणि माझ्या नवऱ्याला ते दिसत नव्हतं, मला तर आरसासुद्धा नव्हता. मी रडले. हेही रडले. आईने चहा परत गरम केला.

खाडीकाठी

दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून आम्ही तिघं गेलो, मी, हे आणि मॅडम. वाटेत मी इतकी बडबड केली की रिक्षावाल्याने आरशातून दोनदा मागे बघितलं.

जनाकाकू पडवीत खाटेवर होत्या, भिंतीकडे तोंड करून. त्यांची सून बाजूला बसून पेज घेऊन विनवत होती. मी काठी टेकत गेले आणि खाटेच्या पलीकडून, भिंतीच्या आणि खाटेच्या मधल्या बोळकांडीत शिरून उभी राहिले, म्हणजे तोंड फिरवायला जागाच उरली नाही. म्हटलं, काकू, मी पेणची, तुमच्यासारखीच होते, हे बघा. आणि फोन डोळ्यांसमोर धरला.

त्या बघत राहिल्या. पापण्या हलत नव्हत्या, त्यामुळे बघतायत की नुसते डोळे उघडे आहेत ते कळेना. मी एकेक पुढे सरकवत गेले. मध्येच एक गणपती आला, तो मी घाईत पुढे केला. पट्टीवाली मी, नळीवाली मी, वाकडी मी.

"ही तू नाय," त्या म्हणाल्या. ओठ न मिटता बोलत होत्या, पण मला त्या भाषेतलं अक्षरन्‌अक्षर कळतं. सुनेला कळलं नाही, तिने पुढे होऊन विचारलं, काय म्हणतात. मी म्हटलं, म्हणतात की ही मी नाही.

आता काय करणार? नाव सांगितलं, मॅडमनी शपथ घेतली, ह्यांनी मान डोलावली. काकूंच्या लेखी आम्ही सगळेच पगारी. मग मी खाली वाकले, त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं, आणि फोनमधला पट्टीवाला फोटो माझ्या गालाला लावून धरला. म्हटलं, कपाळावरचा तीळ बघा. दोन्हीकडे बघा.

त्यांनी बघितलं. नजर फोटोवर, माझ्यावर, परत फोटोवर. आणि मी त्यांच्यासमोर डावा डोळा मिटला. मग उघडून उजवा मिटला. मग परत डावा. भर दिवसा एका सासुरवाशिणीने परक्याच्या पडवीत डोळे मारले, आणि माझ्या नवऱ्यासमोर मारले! सुनेने पदर तोंडाला लावला.

काकूंच्या नाकातून आवाज आला. मला वाटलं रडतायत. नाही हो, हसत होत्या. चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, पोट हलत होतं.

थोड्या वेळाने त्यांनी सुनेकडे नजर वळवली आणि काहीतरी म्हणाल्या. सून माझ्याकडे बघायला लागली. मी ऐकलं होतं, पण माझा विश्वास बसेना, म्हणून मी परत विचारलं.

"माझा पण काढ म्हणते," त्या म्हणाल्या, सावकाश, एकेक शब्द करून. "रोज काढायचा. सांग तिला."

सुनेच्या हातात पेजेची वाटी होती. मग मीच थोडी मागे सरकले आणि हातातला फोन त्यांच्याकडे रोखून धरला. काकूंनी मान उशीवर सरळ करून घेतली आणि मला थांबवलं. म्हणाल्या, आधी केस विंचरू देत हिला.